जामीन मिळाला, सुटका नाही

(एका वसंत व्याख्यानमालेत ज्येष्ठ विधिज्ञांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



फौजदारी न्यायव्यवस्था म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गाजलेले खटले उभे राहतात. जामिनाच्या बातम्याही त्यांच्याच येतात. अमुक उद्योगपतीला जामीन, तमुक पुढाऱ्याचा जामीन फेटाळला. त्या वाचून सामान्य माणसाचे मत असे बनते, की पैसेवाल्याला जामीन मिळतो आणि गरिबाला मिळत नाही. हे मत खोटे नाही, अपुरे आहे. मी आज ज्याच्याविषयी बोलणार आहे त्या माणसाला जामीन मिळालेला आहे. न्यायाधीशांनी आदेशावर सही केली आहे, आदेशाची प्रत निघाली आहे, आणि तरीही तो माणूस कारागृहातच आहे. कायद्याच्या दृष्टीने तो सुटलेला आहे आणि वस्तुतः तो कोठडीत आहे. असे का होते आणि त्यावर आपण काय करू शकतो, एवढाच आजचा विषय.

एक उदाहरण घेऊ. ते काल्पनिक आहे, पण न्यायालयात उठबस असलेल्या कोणालाही ते ओळखीचे वाटेल. समजा, बीड जिल्ह्यातील एक ऊसतोड मजूर दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन बायकोसह कोल्हापूरकडे गेला. फडाशेजारच्या विहिरीवरची मोटार चोरीस गेली. संशय उपऱ्यांवर जातो. तसा तो त्याच्यावर गेला. अटक झाली, पोलीस कोठडी झाली, न्यायालयीन कोठडी झाली. पूर्वी एकही गुन्हा नाही, तपासासाठी आता त्याची आवश्यकता नाही, म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांनी योग्य तोच आदेश केला : पंधरा हजार रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक जामीनदार.

आदेश वाचताना त्यात काही कठोर आहे असे वाटत नाही. पण आता 'लायक जामीनदार' म्हणजे काय ते पाहा. त्याच्याकडे सातबारा हवा, घरपट्टीची पावती हवी, किंवा तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला हवा. शिधापत्रिका हवी, आधार हवे, छायाचित्रे हवीत. त्या कागदांची पडताळणी व्हायला हवी. आणि हा जामीनदार शक्यतो स्थानिक हवा. कोल्हापूरच्या एखाद्या तालुक्यात ह्या मजुराला ओळखणारे कोण? फडाचा मालक उभा राहणार नाही. मुकादम उभा राहिला तर त्याचा मोबदला पुढच्या हंगामाच्या उचलीत चढतो. गावाकडे थोरला भाऊ आहे, त्याच्या नावावर अर्धा एकर कोरडवाहू जमीन आहे. तो तलाठ्याकडे खेपा घालून उतारा मिळवतो, दोन दिवसांची मजुरी बुडवून एसटीने कोल्हापूर गाठतो, आणि तेथे त्याला कळते की परजिल्ह्यातील जामीनदार चालत नाही, किंवा चालतो पण पडताळणीला पंधरा दिवस लागतील. तो परत जातो. हंगाम संपतो, टोळी गावाकडे निघते, आणि जामीन मिळालेला हा माणूस कळंब्याच्या कारागृहात राहतो.

हा अपवाद असता तर त्यासाठी एक संध्याकाळ खर्च करण्याचे कारण नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातील कारागृहांत ५ लाख ७३ हजारांहून अधिक बंदी होते. त्यांपैकी ४ लाख ३४ हजारांहून अधिक न्यायाधीन बंदी होते. आपण बोलीभाषेत त्यांना कच्चे कैदी म्हणतो. म्हणजे दर चार बंद्यांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा होता. पाच वर्षांहून अधिक काळ निकालाविना आत असलेल्यांची संख्या अकरा हजारांच्या वर होती. कारागृहांची क्षमता ४ लाख ३६ हजारांची होती. हे सारे कच्चे कैदी एका रात्रीत सोडावेत असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. त्यांत खुनाचे आरोपी आहेत, बलात्काराचे आहेत, टोळ्यांचे म्होरके आहेत. परंतु त्यांत आपला ऊसतोड मजूरही आहे, आणि त्याला आत ठेवावे असे खुद्द न्यायालयाचेही म्हणणे नाही.

'जामीन' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. मुळात तो माणसाचा वाचक आहे, रकमेचा नव्हे. म्हणून मराठीत आपण 'जामीन राहणे' म्हणतो. एक माणूस दुसऱ्याला जामीन राहतो, म्हणजे त्याच्या वतीने आपला शब्द देतो. संस्कृतात त्याला 'प्रतिभू' हा शब्द आहे. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात प्रतिभूचे तीन प्रकार सांगितले आहेत. दर्शन-प्रतिभू हा 'मी ह्याला वेळेवर हजर करीन' एवढेच सांगतो. प्रत्यय-प्रतिभू हा 'हा माणूस विश्वासार्ह आहे' अशी ग्वाही देतो. आणि दान-प्रतिभू हा 'त्याने दिले नाही तर मी देईन' असे म्हणून पैशाची जबाबदारी घेतो. हे प्रकरण मुख्यतः ऋणाविषयीचे आहे, हे मान्य. पण स्मृतिकाराने केलेला भेद किती नेमका आहे पाहा. दर्शनाचा किंवा प्रत्ययाचा जामीन मरण पावला, तर त्याच्या मुलांवर काही बोजा येत नाही; दानाच्या जामिनाचे देणे मात्र मुलांना फेडावे लागते. कारण पहिले दोन शब्दाचे व्यवहार आहेत आणि तिसरा पैशाचा.

आता स्वतःला विचारा, फौजदारी खटल्यात न्यायालयाला आरोपीच्या जामीनदाराकडून काय हवे असते? आरोपी तारखेला हजर राहावा, हेच ना? म्हणजे न्यायालयाला हवा असतो दर्शन-प्रतिभू, आणि आपली पद्धत मागते दान-प्रतिभूची कागदपत्रे. ज्याला आरोपी लहानपणापासून ठाऊक आहे, जो त्याला गावातून हाताला धरून आणू शकेल, तो भूमिहीन भाऊबंद अपात्र ठरतो. आणि ज्याने आरोपीचे तोंडही पाहिलेले नाही, पण ज्याच्या पिशवीत सातबारा आहे, तो पात्र ठरतो. ह्यातूनच मोठ्या शहरांतील न्यायालयांच्या आवारात भाडोत्री जामीनदारांचा धंदा उभा राहिला. एकाच उताऱ्यावर अनेकांना जामीन राहणारे, बनावट शिधापत्रिका बाळगणारे लोक पकडले गेल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. पैसे मोजू शकणाऱ्या सराईत गुन्हेगाराला असा जामीनदार तासाभरात मिळतो. जी अट त्याला अडवण्यासाठी आहे ती त्याला अडवत नाही, आणि ज्याला अडवण्याचे कारण नाही त्याला अडवते.

पूर्वजांनी सगळे प्रश्न सोडवून ठेवले होते असा माझा दावा नाही. त्याच परंपरेत कात्यायनाचे असेही मत आहे, की वादातील पक्षकाराला प्रतिभू मिळाला नाही तर त्याच्यावर पहारा ठेवावा आणि दिवसाअखेर पहारेकऱ्याचे वेतन त्यानेच द्यावे. जामीनदार नसलेल्याची अडचण तेव्हाही होतीच. परंतु उभय पक्षांकडून प्रतिभू घ्यावा, केवळ प्रतिवादीकडून नव्हे, असेही याज्ञवल्क्य सांगतो. न्यायाचा तराजू दोन्ही बाजूंनी धरण्याची ती दृष्टी आहे.

ह्या सभेत काही ज्येष्ठ असे आहेत, की ज्यांनी आणीबाणीत 'मिसा'खाली तुरुंगवास भोगला. येरवडा, नाशिक रोड, ठाणे ही नावे त्यांच्यासाठी नकाशावरची ठिकाणे नाहीत. तेव्हा जामिनाचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण आरोपच नव्हता. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी, आणीबाणीत बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागता येणार नाही, असा निर्णय दिला. न्यायमूर्ती हंसराज खन्ना तेवढे वेगळे उभे राहिले आणि त्याची किंमत त्यांनी सरन्यायाधीशपद गमावून मोजली. तो बहुमताचा निर्णय चुकीचा होता हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्टपणे नोंदवले. १९७७ मध्ये सत्ताबदल झाला, मिसाबंदी बाहेर आले, स्वागताच्या मिरवणुका निघाल्या. ते योग्यच झाले. पण बाहेर येताना, शेजारच्या बराकीत जे लोक आपल्या आधीपासून होते आणि आपल्या नंतरही राहणार होते, त्यांची आठवण किती जणांनी काढली? त्यांच्यासाठी सरकार बदलून काही होणार नव्हते.

त्यांची गोष्ट देशाला कळली ती दोन वर्षांनी, बिहारमधून. के. एफ. रुस्तमजी हे निवृत्त पोलीस अधिकारी राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य होते. त्यांनी बिहारच्या कारागृहांना भेटी दिल्या आणि जे पाहिले ते वृत्तपत्रात लिहिले. किरकोळ आरोपांखाली वर्षानुवर्षे खितपत पडलेले लोक तेथे होते. काहींनी तर गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा होऊ शकली असती त्याहून अधिक काळ आत काढला होता. ते लेख वाचून पुष्पा कपिला हिंगोरानी ह्या वकील भगिनी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य ह्या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. न्यायमूर्ती भगवती यांनी १९७९ मध्ये त्यात सांगितले, की त्वरित खटला हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. त्यांनी अमेरिकेतील एका प्रयोगाचाही दाखला दिला. १९६१ पासून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागात, आरोपीचे घर कोठे आहे, कुटुंब कोणाबरोबर आहे, काम काय करतो, ह्याची चौकशी करून न्यायालयाला माहिती पुरवली जाऊ लागली, आणि पैशाची हमी न घेताही सोडलेले आरोपी तारखांना हजर राहतात असे दिसून आले. मला ह्यात विशेष वाटते ते एवढेच, की ही वाट दाखवणारा माणूस पोलीस दलातला होता. पोलीस म्हणजे कोंबणारे आणि वकील म्हणजे सोडवणारे, अशी सोपी विभागणी येथे चालत नाही.

त्याच्या आदल्याच वर्षी, १९७८ मध्ये, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य ह्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासमोर एक गवंडी आला होता. त्याला सर्वोच्च न्यायालयानेच जामीन मंजूर केला होता. तपशील ठरवण्याचे काम मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांवर सोपवले होते. त्यांनी दहा हजार रुपयांचा जामीनदार मागितला. १९७८ मधले दहा हजार! आणि गवंड्याचा भाऊ उभा राहिला तेव्हा, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. कृष्ण अय्यर यांची लेखणी तिखट होती. आपल्याच देशात एका जिल्ह्याचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा ठरतो, असा त्यांचा रोख होता. त्यांनी त्या गवंड्याला स्वतःच्या एक हजार रुपयांच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला.

आता ३१ जानेवारी २०२३ कडे या. मध्ये पंचेचाळीस वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने जामीन मिळूनही न सुटलेल्या बंद्यांसाठी काही निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला पोहोचवावी. सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही, तर न्यायालयाने आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करावा. आणि शेवटी, स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचे एक कारण आहे, तेव्हा ती अट घालू नये असे सुचवले. जे १९७८ मध्ये सांगितले तेच २०२३ मध्ये पुन्हा सांगावे लागले. न्यायालयाच्या निर्णयात लिहिलेले आणि तालुक्याच्या न्यायकक्षात घडणारे ह्यांतील अंतर मोजायचे असेल, तर ह्याहून चांगली फूटपट्टी मला ठाऊक नाही.

कायद्यात काहीच सुधारणा झाली नाही असे मात्र नाही. जामीनपात्र गुन्ह्यात अटक झालेल्याला आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो निर्धन आहे असे मानून त्याला केवळ स्वतःच्या बंधपत्रावर सोडावे, ही तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००५ च्या दुरुस्तीने आली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७८ मध्ये ती कायम आहे. पण आपल्या मजुरावर आरोप चोरीचा आहे, आणि चोरी अजामीनपात्र आहे. हा दिलासा त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या ह्या संहितेच्या कलम ४७९ ने आणखी एक चांगले पाऊल टाकले. पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की त्याला बंधपत्रावर सोडावे, इतरांना निम्मा काळ काढल्यावर. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि ते ठीक आहे. हा काळ पूर्ण होताच न्यायालयाकडे लेखी अर्ज करण्याची जबाबदारी आता कारागृह अधीक्षकांवर आहे. हे कलम आधीपासून आत असलेल्यांनाही लागू आहे, हे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केंद्र सरकारनेच मान्य केले. तरी हिशेब करा : चोरीला कमाल शिक्षा तीन वर्षे. एक तृतीयांश म्हणजे एक वर्ष. ज्याला पहिल्याच आठवड्यात जामीन मंजूर झाला त्याला हे कलम वर्षानंतर उपयोगी पडणार.

ह्याच कलमात एक अट आहे, तिच्याकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. एकाहून अधिक गुन्ह्यांचे तपास किंवा खटले प्रलंबित असतील तर ह्या कलमाचा लाभ नाही. वरवर पाहता ही अट सराईतांना रोखण्यासाठी आहे. पण आपल्या महाराष्ट्रात पारधी समाजातील तरुणाला अटक होते तेव्हा काय घडते, हे त्या समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना विचारा. परिसरातील न उलगडलेल्या चोऱ्या एकामागून एक त्याच्या नावावर दाखवल्या जातात. एका गुन्ह्यात जामीन मिळाला की दुसऱ्यात अटक. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून माणसाला जन्मतःच गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत केली. तिला आजही लोक सेटलमेंटच म्हणतात. १९५२ मध्ये तो कायदा गेला, कुंपण तुटले, जमाती विमुक्त झाल्या. परंतु ठाण्याच्या डायरीतून आणि समाजाच्या नजरेतून त्या विमुक्त झाल्या का? कारागृहांच्या नियमपुस्तिकांतून जातीवर आधारलेल्या आणि विमुक्तांना सराईत मानणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या त्या ऑक्टोबर २०२४ मध्ये. समरसतेच्या गोष्टी आपण करतो. ज्या आरोपीवर पाच गुन्हे आहेत त्याचे पाचही कागद उघडून, त्यांतला खरा कोणता आणि भरतीचा कोणता हे पाहणे, ही समरसतेचीच कसोटी आहे.

अनेक गुन्ह्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण येते. ऑगस्ट २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयासमोर एक आरोपी आला. त्याच्यावर तेरा गुन्हे होते आणि तेराही गुन्ह्यांत त्याला जामीन मंजूर होता. दोन प्रकरणांची पूर्तता त्याने कशीबशी केली. उरलेल्या अकरांत प्रत्येकी दोन, म्हणजे बावीस जामीनदार उभे करायचे होते. आपल्यापैकी कोणाला बावीस माणसे मिळतील? फौजदारी खटल्यात माणूस अडकला की सोयरेधायरेसुद्धा दूर सरकतात. न्यायालयाने हे व्यवहारज्ञान ओळखले आणि तेच जामीनदार अनेक प्रकरणांत चालतील असा आदेश दिला.

आता दुसऱ्या बाजूचा विचार. 'पोलीस जिवावर उदार होऊन पकडतात आणि न्यायालय सोडून देते' ही तक्रार मी अनेकदा ऐकतो, आणि ती करणारे सगळेच अज्ञानी नसतात. ज्या मुलीवर अत्याचार झाला तिच्या गल्लीत आरोपी चार दिवसांत मिशीला पीळ देत फिरू लागला, तर तिच्या बापाला जामिनाचे तत्त्वज्ञान सांगायला मी जाणार नाही. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, हे खरे. पण साक्षीदाराला धमकावणारा जामीन हा न्यायाचा खून आहे, हेही तितकेच खरे. म्हणून गंभीर गुन्ह्यांत जामिनाच्या सुनावणीत पीडिताचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले ते फार योग्य झाले. साक्षीदार संरक्षणाच्या योजनेला न्यायालयाने २०१८ मध्येच मान्यता दिली होती आणि नव्या संहितेने प्रत्येक राज्याला अशी योजना करणे बंधनकारक केले आहे. जामीन द्यावा की नाही, हा निर्णय धोका पाहून करायचा असतो : हा पळेल का, पुरावा नष्ट करील का, साक्षीदारावर दडपण आणील का, पुन्हा तसाच गुन्हा करील का. धोका असेल तर लाखाचा जामीनदार असला तरी सोडू नये. धोका नसेल तर जामीनदाराअभावी अडवू नये. पैशाने ह्या प्रश्नांचे उत्तर कोणत्याच बाजूने मिळत नाही.

देशविघातक कृत्यांच्या कायद्यांत जामिनाच्या अटी कडक आहेत. त्या कडक असाव्यात, असेच माझे मत आहे. पण ज्या राज्यसंस्थेने जामिनाचे दार जवळजवळ बंद केले, तिच्यावर खटला वेगाने चालवण्याचे दुप्पट ओझे येते. मालेगावात सप्टेंबर २००८ मध्ये स्फोट झाला, सहा जणांचे प्राण गेले. अटक झालेल्यांपैकी काहींना जामीन मिळायला २०१७ साल उजाडले आणि ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष ठरवले. ही वर्षे त्यांना कोण परत देणार, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकांनी विचारला, मीही विचारला. त्याच्या दहाच दिवस आधी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यात, विशेष न्यायालयाने दोषी ठरवलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्या निकालाचा इतर खटल्यांत दाखला देण्यास स्थगिती मिळाली. त्या प्रकरणाच्या गुणदोषांवर मी बोलत नाही. पण एकोणीस वर्षांनंतरही, आपली माणसे कोणी मारली ह्याचे पक्के उत्तर त्या दीडशेहून अधिक कुटुंबांना मिळालेले नाही, आणि मालेगावच्या सहा घरांनाही नाही. एका खटल्याविषयी एक माप आणि दुसऱ्याविषयी दुसरे, असे आपल्याला करता येणार नाही. विलंबाचा प्रश्न विचारायचा तर दोन्ही ठिकाणी विचारावा लागेल.

असो. मोठ्या खटल्यांवर बोलण्यात वेळ जातो आणि आपला ऊसतोड मजूर कळंब्यातच राहतो, म्हणून पुन्हा त्याच्याकडे येतो.

केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब बंद्यांसाठी साहाय्य योजना आणली. जामिनाची रक्कम भरता येत नसल्यामुळे अडकलेल्या न्यायाधीन बंद्यासाठी साहाय्य त्यात मिळू शकते. चांगली योजना आहे, तिचा लाभ अवश्य घ्यावा. पण खरी उणीव पैशाची आहे असे मला वाटत नाही. आरोपीची विश्वसनीय माहिती न्यायाधीशांपुढे येत नाही, ही खरी उणीव आहे. शंभर प्रकरणे समोर असलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी कोणत्या आधारावर म्हणावे, की हा परगावचा माणूस तारखेला परत येईल? त्यांच्यापुढे आरोपीचे नाव, वय आणि 'राहणार बीड' एवढेच असते. मग हाताशी असलेला एकच निकष उरतो, सातबारा.

ही माहिती समाज देऊ शकतो. आपल्या कार्यकर्त्यांचे जाळे जिल्ह्याजिल्ह्यांत आहे. कोल्हापुरातील एका वकिलाने बीडमधील एका कार्यकर्त्याला दूरध्वनी करावा. त्याने त्या मजुराच्या गावी जाऊन पाहावे : घर आहे का, आईवडील आहेत का, मुले शाळेत आहेत का, पूर्वीचा काही गुन्हा आहे का. सरपंचाचे, शाळेतल्या गुरुजींचे दोन ओळींचे पत्र घ्यावे. हे कागद जोडून, २०२३ च्या निर्देशांचा आधार घेऊन, जामीनदाराची अट शिथिल करून जातमुचलक्यावर सोडावे असा अर्ज करावा. आणि खटला संपेपर्यंत प्रत्येक तारखेच्या दोन दिवस आधी त्या माणसाला आठवण करून देण्याचे काम कोणीतरी अंगावर घ्यावे. तारखेला गैरहजर राहणारे सगळेच फरारी नसतात. कित्येकांना तारीख कळलेलीच नसते, कळली तर एसटीचे भाडे नसते. स्मृतिकाराच्या भाषेत सांगायचे तर हे दर्शनाचे आणि प्रत्ययाचे प्रातिभाव्य आहे. त्याला जमीनजुमला लागत नाही.

येथे जमलेल्या तरुण वकिलांना एक सूचना. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते. तेथे अर्ज देऊन वकिलांना विधी साहाय्याच्या नामिकेत येता येते, आणि वकील नसलेल्यांनाही पॅरा लीगल स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवता येते. गेल्यावर सचिवांना पहिला प्रश्न हा विचारा, की आदेश होऊन सात दिवस उलटूनही न सुटलेल्यांची कारागृहाकडून आलेली ह्या महिन्याची यादी आहे का. नसेल, तर ती मागवण्याची विनंती लेखी द्या आणि पोच घ्या. असेल, तर तिच्यातले पहिले नाव घेऊन त्याच्या गावचा पत्ता शोधायला लागा.